बुद्धिबळ शिकलेलं मूल पुढे निर्णयही चांगले घेतं का?

२८ जुलै २०२५ ला जॉर्जियातल्या बातुमी शहरात नागपूरच्या दिव्या देशमुखनं कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याबरोबरच ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. तेव्हा ती १९ वर्षांची होती. आदल्या डिसेंबरात १८ वर्षांचा गुकेश सिंगापूरला जगज्जेता झाला होता. त्याच्याही आधी, सप्टेंबर २०२४ मध्ये, बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांचं सुवर्ण भारतानं आणलं. खुल्या संघात नाशिकचा विदित गुजराथी होता आणि महिला संघाचे कप्तान पुण्याचे अभिजित कुंटे होते. मराठी घरांमध्ये जेवताना बुद्धिबळाचा विषय इतक्या वेळा निघाल्याचं मला तरी आठवत नाही.

साहजिकच पार्ल्यापासून डोंबिवलीपर्यंत बुद्धिबळाच्या क्लासांना गर्दी आहे. त्यांची पत्रकं वाचली की एक गोष्ट लक्षात येते. खेळ शिकवतो एवढंच सांगणारं पत्रक क्वचित दिसतं. एकाग्रता वाढेल, गणित सुधारेल, पुढचा विचार करायची सवय लागेल, निर्णयक्षमता येईल, अशी आश्वासनं त्यात असतात. पालकही बहुतेक त्याच आशेनं पैसे भरतात. तेव्हा हे तपासून पाहायला हवं, कारण या प्रश्नावर जगभरात बरंच चांगलं काम झालेलं आहे.

उत्तर आधीच सांगून टाकतो. बुद्धिबळ खेळल्यानं माणूस बुद्धिबळात नक्की सुधारतो. पटाबाहेरच्या रोजच्या निर्णयांमध्ये तो आपोआप सुधारतो, याला मात्र भक्कम पुरावा नाही. असं का, हे समजून घेणं मला उत्तरापेक्षाही महत्त्वाचं वाटतं.

पटाईत खेळाडूच्या डोक्यात नेमकं काय असतं?

आपली समजूत अशी की ग्रँडमास्टर म्हणजे आपल्याहून दहा चाली जास्त पुढचं पाहणारा माणूस. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ख्रोट यांनी १९४० च्या दशकात वेगवेगळ्या ताकदीच्या खेळाडूंसमोर एकच डाव मांडला आणि डोक्यात जे येतंय ते मोठ्यानं बोलत विचार करायला सांगितलं. अव्वल खेळाडू काही फार खोलवर पाहत नव्हते. फरक दुसरीकडे होता. चांगली चाल त्यांना पहिल्या काही क्षणांतच ‘दिसत’ होती आणि वाईट चालींकडे त्यांचं लक्षच जात नव्हतं.

१९७३ मध्ये अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी याचा छडा लावला. सायमन यांना पुढे १९७८ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. प्रयोग साधा होता. खऱ्या सामन्यातली एक स्थिती पाच सेकंद दाखवायची, मग पट झाकायचा आणि आठवेल तशी मांडायला सांगायची. पटावर सुमारे पंचवीस सोंगट्या. मास्टर दर्जाच्या खेळाडूनं साधारण सोळा बरोबर ठेवल्या, नवख्यानं चार. पुढच्या फेरीत त्याच सोंगट्या कुठेही, कशाही टाकल्या. आता मास्टर आणि नवखा जवळपास एका पातळीवर आले. नंतरच्या काटेकोर प्रयोगांत मास्टर मंडळी अशा विस्कळीत पटावरही किंचित पुढे असतात असं आढळलं, पण तो फरक अगदी लहान आहे.

म्हणजे मास्टरची स्मरणशक्ती मुळात आपल्याहून वेगळी नाही. त्याच्या डोक्यात ओळखीच्या रचनांचा साठा आहे. किल्लेकोट करून कोपऱ्यात सुरक्षित नेलेला राजा, त्याच्या शेजारचा हत्ती आणि पुढची तीन प्यादी या आपल्याला पाच सोंगट्या दिसतात, त्याला ती एकच गोष्ट दिसते. असे तुकडे दहा हजारांपासून एक लाखापर्यंत असावेत असा अंदाज मांडला गेला आहे.

रोज लोकलनं दादरला येणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. कुठल्या डब्याच्या कुठल्या दारात उभं राहिलं की उतरल्यावर पूल नेमका समोर येतो, कोणाची उठायची तयारी सुरू आहे, घोषणा ऐकू आली नाही तरी गाडी उशिरा आहे हे फलाटावरच्या गर्दीवरून कसं ओळखायचं, हे सगळं त्याला विचार न करता कळतं. त्याला उद्या कोलकात्याच्या मेट्रोत सोडला तर तोही इतरांसारखा पाट्या वाचत उभा राहील. त्याची हुशारी कुठे गेलेली नसते. ती त्या मार्गाला बांधलेली होती, इतकंच. बुद्धिबळातलं कौशल्य बरंचसं असंच पटाला बांधलेलं आहे.

एकीकडचं कौशल्य दुसरीकडे जातं का?

हा प्रश्न बुद्धिबळापेक्षा जुना आणि मोठा आहे. पाश्चात्त्य शाळांमध्ये लॅटिन शिकवायचं समर्थन ‘त्यानं मन घडतं’ असं केलं जायचं. आपल्याकडे पाढे आणि पाठांतर यांच्याबद्दल असंच बोलतात. १९०१ मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ यांनी ते तपासलं. लोकांकडून कागदाच्या आयतांचं क्षेत्रफळ नजरेनं ओळखायचा भरपूर सराव करून घेतला आणि मग वेगळ्या आकाराचे, वेगळ्या मापाचे तुकडे दिले. सरावाचा फायदा अपेक्षेपेक्षा खूपच कमी पोचला.

एका कामातलं शिक्षण दुसऱ्या कामात उपयोगी पडणं, याला ‘ट्रान्सफर’ म्हणतात. दोन कामं एकमेकांसारखी असली तर ते सहज होतं. हार्मोनियम येणाऱ्याला कीबोर्ड पटकन जमतो. कामं जितकी वेगळी, तितकं ते अवघड. उंट आणि हत्ती चालवायला शिकणं आणि घराचं कर्ज किती वर्षांचं घ्यावं हे ठरवणं, यांच्यात फार लांबचं अंतर आहे. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत असा लांबचा ट्रान्सफर शोधणाऱ्यांच्या पदरी बहुतेक निराशाच आली आहे, मग विषय संगीताचा असो, स्मरणशक्तीच्या खेळांचा असो की बुद्धिबळाचा.

पण शाळांमध्ये प्रयोग झाले आणि गुण वाढले, त्याचं काय?

झाले, आणि काही ठिकाणी वाढलेही. जोव्हानी साला आणि फर्नांड गोबे यांनी २०१६ मध्ये अशा २४ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. बुद्धिबळ शिकलेल्या मुलांची गणितात मध्यम आणि वाचनात त्याहून थोडी कमी सुधारणा दिसली. जाहिराती इथेच थांबतात. त्याच लेखकांनी पुढे जे सांगितलं, ते पत्रकावर येत नाही. बहुतेक अभ्यासांमध्ये बुद्धिबळाच्या मुलांची तुलना काहीच न करणाऱ्या मुलांशी केली होती.

याचा अर्थ नीट पाहा. शाळेत नवा सर येतो, नवा खेळ आणतो, कोणीतरी आपल्याकडे खास लक्ष देतंय हे मुलांना जाणवतं. हुरूप येतो. हा हुरूप नाटकानं, कॅरमनं किंवा कुठल्याही नव्या उपक्रमानं आला असता. बुद्धिबळाचा स्वतःचा वाटा काढायचा तर दुसऱ्या गटालाही तितकाच रंजक, वेगळा उपक्रम द्यायला हवा. जिथे तसा दिला गेला, तिथे फरक विरघळताना दिसतो.

इंग्लंडमधला प्रयोग याच कारणासाठी महत्त्वाचा आहे. १०० प्राथमिक शाळा, नऊ-दहा वर्षांची ४,००९ मुलं. कोणत्या शाळेत बुद्धिबळ शिकवायचं हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं, म्हणजे उत्साही शाळाच पुढे आल्या असं व्हायला वाव राहिला नाही. शिकवायला बाहेरून प्रशिक्षक आले आणि शाळेच्या वेळातच तीस तास बुद्धिबळ झालं. वर्षभरानं गणिताची परीक्षा घेतली तेव्हा बुद्धिबळ शिकलेल्या आणि न शिकलेल्या मुलांत फरक निघाला नाही. वाचन आणि विज्ञानातही नाही.

बांगलादेशातल्या खेड्यांमध्ये पाचवीच्या मुलांवर झालेला प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक वेगळी गोष्ट सापडली. बुद्धिबळ शिकलेली मुलं जवळपास वर्षानंतरही धोका पत्करायला कमी घाबरत होती. लक्ष केंद्रित करणं आणि कल्पकता यांत मात्र ठळक फरक नव्हता. एकाग्रतेचं आश्वासन पत्रकावर सगळ्यात वर असतं, म्हणून हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

बुद्धिबळ खेळणारी मुलं हुशारच दिसतात की

दिसतात. पण आधी काय आणि नंतर काय? मुंबईत कोणतं मूल क्लासला जातं, ते पाहा. ज्याला कोडी आवडतात, जे तासभर एका जागी बसू शकतं, ज्याच्या आईवडिलांना अख्खा रविवार स्पर्धेच्या हॉलबाहेर काढणं परवडतं, ते. या मुलाला शाळेतही चांगले गुण पडणार, याचा अंदाज पट मांडण्याआधीच करता येतो.

हुशारी आणि खेळ यांचा संबंधही वाटतो तितका घट्ट नाही. २०१६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला बुद्धिमत्ता चाचणी आणि बुद्धिबळातली ताकद यांचा सहसंबंध ०.२४ आला. सोप्या शब्दांत, खेळाडूंच्या ताकदीतल्या फरकापैकी जेमतेम सहा टक्के त्या चाचण्यांवरून सांगता येतो. २००७ मध्ये शाळकरी खेळाडूंवर झालेल्या एका अभ्यासात सरावाचा वाटा सर्वात मोठा निघाला. त्यातल्या निवडक, जास्त ताकदवान मुलांच्या गटात तर जास्त बुद्ध्यांक असलेली मुलं थोडी मागे होती, कारण ती सराव कमी करत होती. ज्या मुलाला कोणी हुशार म्हणत नाही, त्याच्या पालकांनी हे जरूर वाचावं असं मला मनापासून वाटतं.

गुण जाऊ द्या, निर्णय घ्यायला तरी शिकतं ना?

माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे. आणि इथे पट आणि आयुष्य यांच्यातला फरक बारकाईनं पाहायला हवा.

समजा, दादरच्या एका जुन्या इमारतीच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा भरली आहे. विषय पुनर्विकास. दोन बिल्डरांचे प्रस्ताव टेबलावर आहेत. एकजण कार्पेट एरिया जास्त देतोय, दुसऱ्याचं कॉर्पस, म्हणजे एकरकमी मिळणारे पैसे, आणि दरमहाचं भाडं बरं आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना घर सोडायचं नाही. एका सभासदाच्या घरात वारसांचा वाद आहे. बिल्डरचं आधीचं काम कुठे अडलं, भाडं मध्येच थांबलं तर काय, नियम बदलले तर काय, हे त्या खोलीत कोणालाच पुरतं माहीत नाही.

बुद्धिबळात यातलं काहीच नसतं. दोघांनाही सगळा पट दिसतो. घोडा उद्या वेगळा चालू लागत नाही. प्रतिस्पर्ध्याला काय हवंय हे स्पष्ट आहे. चूक केली तर दोन-चार चालींत शिक्षा मिळते, आणि घरी गेल्यावर संगणक नेमकी चूक दाखवतो. पुनर्विकासात मात्र निर्णय बरोबर होता की नाही हे कळायला सात-आठ वर्षं लागू शकतात, आणि दुसरा बिल्डर निवडला असता तर काय झालं असतं हे कधीच कळत नाही.

रॉबिन हॉगार्थ या मानसशास्त्रज्ञांनी शिकण्याच्या परिस्थितीचे असे दोन प्रकार पाडले होते. एकीत नियम पक्के आणि चूक लगेच कळते, दुसरीत नियम धूसर आणि उत्तर उशिरा किंवा चुकीचं मिळतं. डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन यांनी २००९ मध्ये, एरवी मतभेद असूनही, एकत्र लिहिलं की अनुभवातून आलेली अंतःप्रेरणा पहिल्या प्रकारातच भरवशाची असते. बुद्धिबळ हे त्या पहिल्या प्रकाराचं जवळजवळ आदर्श उदाहरण आहे. सोसायटीची सभा दुसऱ्या प्रकारात मोडते.

याची थेट परीक्षाही झाली आहे. दोन माणसांचा एक पैशांचा खेळ आहे. पाळी आली की मोठा वाटा घेऊन खेळ संपवायचा किंवा समोरच्याकडे सोपवायचा, प्रत्येक वेळी रक्कम वाढत जाते. शेवटाकडून मागे हिशेब करत आलं तर तर्क सांगतो की पहिल्याच पाळीला पैसे उचला. २००९ मधल्या एका अभ्यासात बुद्धिबळपटूंनी तसंच केलं आणि मोठा बोलबाला झाला. २०११ मध्ये स्टीव्हन लेव्हिट आणि सहकाऱ्यांनी पुन्हा करून पाहिलं, तेव्हा ग्रँडमास्टरसुद्धा सर्वसामान्य माणसांसारखेच वागले.

जाणकाराच्याच डोळ्यांवर पट्टी

२००८ मध्ये मेरिम बिलालिच, पीटर मॅकलाउड आणि गोबे यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. या सगळ्या विषयातलं मला सर्वात शिकण्यासारखं वाटतं ते हेच.

चांगल्या खेळाडूंसमोर एक डाव मांडला आणि सर्वात कमी चालींत मात शोधायला सांगितलं. त्यात एक प्रसिद्ध मात लपलेली होती: वजिराचा बळी द्यायचा आणि स्वतःच्याच सोंगट्यांनी कोंडलेल्या राजाला घोड्यानं मात करायची. क्लासमध्ये ती सगळ्यांनाच शिकवतात. तिला पाच चाली लागत होत्या. त्याच डावात तीन चालींची, पण अनोळखी मात होती. बहुतेकांनी ओळखीची मात झटकन शोधली. ‘याहून लहान शोधा’ म्हटल्यावर त्यांनी प्रयत्न केला आणि सांगितलं की आम्ही सगळीकडे पाहिलं, नाही सापडत. डोळ्यांच्या हालचाली टिपणारा कॅमेरा लावलेला होता. त्यात दिसलं की त्यांची नजर पुन्हा पुन्हा पटावरच्या त्याच ओळखीच्या चालींच्या चौकोनांवर जात होती. आपण मोकळ्या मनानं शोधतोय असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं, डोळे मात्र जुन्याच वाटेवर होते. मग डावात किंचित बदल करून ओळखीची मात काढून टाकली, तेव्हा त्याच ताकदीच्या खेळाडूंना तीन चालींची मात सापडली.

ही गोष्ट पटापुरती नाही. पहिलं उत्तर सुचलं की त्याला पुष्टी देणारंच दिसू लागतं, हे डॉक्टरला होतं, गुंतवणूक करणाऱ्याला होतं, सभेत बसलेल्या सभासदालाही होतं. बुद्धिबळपटू त्यापासून सुरक्षित नाही. उलट, जितकं ओळखीचं जास्त तितका हा सापळा जवळ.

मग काहीच पटाबाहेर जात नाही?

जातं, पण कोणीतरी हात धरून न्यावं लागतं. इटलीत प्राथमिक शाळांमधल्या ९३१ मुलांवर झालेला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत बोलका आहे. बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलांचे दोन गट होते. एका गटाला प्रशिक्षकांनी कोडी सोडवण्याच्या विचारपद्धती स्पष्ट बोलून शिकवल्या: काय दिलंय, काय हवंय, आधी काय तपासायचं. दुसऱ्याला तशा शिकवल्या नाहीत. गणिती उदाहरणं सोडवण्यात पहिलाच गट बाकी सगळ्यांच्या पुढे गेला, बुद्धिबळ शिकलेल्या दुसऱ्या गटाच्याही. एका अभ्यासावर सगळी भिस्त ठेवू नये, पण तो जे सुचवतो ते शिक्षणशास्त्रातल्या जुन्या अनुभवाशी जुळतं. पूल आपोआप बांधला जात नाही.

स्पर्धेनंतर हॉलच्या कोपऱ्यात काय चालतं ते कधी जवळून पाहा. हरलेलं मूल आणि जिंकलेलं मूल, दोघं त्याच पटावर पुन्हा बसतात. समोर चाली लिहिलेला कागद. ‘इथे घोडा का मागे घेतलास?’ ‘मला वाटलं तू उंट देशील.’ ‘मी बघितलाच नव्हता तो.’ आणि मग दोघं मिळून ठरवतात की डाव तिसाव्या चालीला बिघडला, पन्नासाव्या चालीला हरला हे फक्त त्याचं फळ होतं. निकाल आणि निर्णय वेगळे करून पाहायची ही सवय मला बुद्धिबळातली सर्वात मौल्यवान गोष्ट वाटते. जिंकलेल्या डावातही चुका शोधल्या जातात.

घरी आल्यावर आपण बहुधा ‘जिंकलास का?’ एवढंच विचारतो. ‘सगळ्यात जास्त वेळ कुठल्या चालीला घेतलास, आणि का?’ हे विचारलं तर मूल विचाराबद्दल बोलू लागतं. मोठ्यांनाही हे करता येईल. पुनर्विकासाला मत देण्याआधी आपण कोणत्या कारणासाठी देतोय आणि काय घडलं तर आपलं चुकलं असं मानू, हे चार ओळींत लिहून तारीख घालून ठेवायचं. खेळाडूचा चाली लिहिलेला कागद हेच काम करतो. त्याशिवाय पाच वर्षांनी आपल्याला आठवतं ते सोयीचंच असतं.

आजोबांना तरी फायदा होतो म्हणतात

न्यूयॉर्कमध्ये ७५ हून अधिक वयाच्या ४६९ लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून झालेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. वाचन, वाद्यवादन, नृत्य आणि पटावरचे खेळ यांत रमणाऱ्यांना स्मृतिभ्रंश कमी झाल्याचं त्यात दिसलं. पण आजार निदानाच्या बराच आधी सुरू होतो आणि माणूस तेव्हापासूनच खेळातून मन काढून घेतो, ही शक्यता अशा अभ्यासातून पूर्ण पुसता येत नाही. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर पट मांडून बसायला आजोबांना या पुराव्याची गरजही नाही. तिथे चार माणसं भेटतात.

मग क्लासला घालावं की नाही?

मुलाला आवडत असेल तर जरूर घालावं. आवडीखेरीज दुसरं कारण कशाला हवं? क्रिकेट खेळणाऱ्या मुलाकडून आपण बीजगणित सुधारण्याची अपेक्षा करत नाही.

मुंबईला या खेळाचा स्वतःचा इतिहास आहे. खाडिलकर भगिनींपैकी वासंती यांनी १९७४ ची पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा जिंकली. धाकट्या रोहिणी १९७६ मध्ये, तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. गदारोळ झाला, आणि जागतिक महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष माक्स युवे यांना स्पष्ट करावं लागलं की स्त्रियांना अशा स्पर्धांमधून वगळता येणार नाही. १९९७ मध्ये मुंबईचे प्रवीण ठिपसे ग्रँडमास्टर झाले. तेरा वर्षांची मुलगी तीस-चाळीस वर्षांच्या पुरुषांसमोर बसते आणि तिची चाल त्यांच्या चालीइतकीच मोजली जाते, असं दुसरं ठिकाण त्या काळात तिला कुठे मिळालं असतं? पराभव झाला तर हात मिळवून उठायचं, पंच किंवा पाऊस यांच्यावर ढकलता येत नाही. हे गुण मोजून दाखवणारी परीक्षा नाही, पण माझ्या लेखी ते खरे आहेत.

क्लास निवडताना मात्र थोडं विचारून घ्यावं. डाव झाल्यावर मुलांबरोबर बसून चर्चा होते का, की लगेच पुढचा डाव लावतात? फोनवरचे एक-दोन मिनिटांचे डाव किती आणि सावकाश विचार करून खेळायचे किती? सर ‘चूक’ म्हणून सोंगटी परत ठेवतात, की ‘समोरच्याला आता काय हवंय?’ असं विचारतात? आणि खरा हेतू गणित सुधारण्याचा असेल, तर तेच तीस तास गणिताला द्यावेत. बुद्धिबळाला गुंडाळी करता येणारा एक पट आणि प्लॅस्टिकच्या सोंगट्या पुरतात, ते जेवणानंतर घरातही खेळता येतं.